अक्कांच्या आवाजात दहावी ब

आवाज काढणं हा आपला जुना धंदा. गावच्या शाळेत मी हेडसरांचा खोकला काढला की गुरुजी लोकसुद्धा चहाचे कप लपवायचे. चेन्नईत इंग्लिशचा मास्तर म्हणून आलो आणि तमिळही तसंच शिकलो, बस कंडक्टरची नक्कल करत करत.

दहावी ब ला इंग्लिश अक्का शिकवायच्या. तंजावरी मराठी घरातल्या. माझ्याशी मराठीतच बोलायच्या, पण चाल सगळी तमिळ. कविता शिकवायची त्यांची पद्धत म्हणजे एक ओळ आपण वाचायची, ती अख्ख्या वर्गानं मागून म्हणायची, मग तमिळमध्ये अर्थ सांगायचा. मला बीएडला शिकवलेलं की ही पोपटपंची, मुलांचे गट पाडा, नाटुकली बसवा. मी माझ्या वर्गांत बसवायचोही. भारी मजा यायची.

"अक्का, तुमचा तास म्हणजे आरतीच हो."

"असू दे की रे कण्णा. आरतीत कोण नापास होतंय?"

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्रच काढावं लागेल. बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली.

अक्कांनी मला स्टाफरूममध्ये धरलं. "सगळ्यांचे आवाज काढतोस म्हणे. माझा?"

"तुमच्या मागे काढतो."

"पुढ्यात काढ."

काढला. त्यांनी मान खाली घालून ऐकला. "बरा आहे. पण तू थांबत नाहीस."

"अक्का, तुमचंच रेकॉर्डिंग करून ठेवू ना. मी मोबाइल लावीन वर्गात."

"अय्यो, मोबाइल थांबतो का? मागच्या बाकावरची पोरं अर्धी ओळ मागं असतात. त्यांचा शेवटचा शब्द पडला, की मग पुढची ओळ. आईबाप गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यांत शिफ्टला जातात. घरी इंग्लिश कोण ऐकवतंय त्यांना? माझ्या आवाजावर पाठ केलंय, तो मध्येच गेला तर अडखळतील."

ऑपरेशनच्या आधी शाळा सुटली की रिकाम्या वर्गात माझी शिकवणी. मी फळ्यापाशी, अक्का शेवटच्या बाकावर. मुद्दाम मागं रेंगाळत ओळ म्हणायच्या. मी घाई केली की हात वर. आधी आम्ही खूप हसायचो. मग त्यांना हसल्यावर ठसका लागायला लागला, तसा मी विनोद करायचा बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा.

ऑपरेशन झालं. मी दहावी ब मध्ये गेलो आणि अक्कांच्या आवाजात पहिली ओळ म्हणालो. वर्ग फिदीफिदी हसला. दुसरी म्हणालो, दोन-चार पोरं मागून म्हणाली. तिसरीला सगळा वर्ग. पुढच्या बाकावरची एक मुलगी डोळे पुसत म्हणत होती, पण ओळ चुकली नाही. मी मागच्या बाकासाठी थांबलो. तेवढ्या थांबण्यात मला कळलं की या बाईनं मला काय दिलंय, आणि माझेही डोळे भरले.

सुट्टीच्या दिवशी नुंगंबाक्कमला त्यांच्या घरी गेलो. गळ्याला पट्टी, वजन निम्मं झालेलं. मी सांगितलं, अख्खा वर्ग म्हणतो, एकही ओळ सुटत नाही. अक्कांनी माझा गाल ओढला आणि कॉफी करायला आत गेल्या. आता हॉलमध्ये मी आणि काका. काका म्हणजे अक्कांचे मिस्टर, बँकेतून रिटायर झालेले, फारसं न बोलणारे.

ते माझ्याजवळ सरकले. "वर्गात तिचा आवाज काढतोस ना?"

"हो, काका."

"इंग्लिश नको. मला कॉफीला बोलवायची ना ती, तेवढं एकदा."

नको म्हणायला पाहिजे होतं. पण त्यांचा चेहरा बघवेना. आधी या घरी आलो होतो तेव्हा ती हाक ऐकलेली होती. मी म्हणालो, "अहो, येता ना? कॉफी निवते आहे."

"आलो, आलो," काका म्हणाले आणि सवयीनं अर्धे उठलेसुद्धा. मग तसेच खुर्चीचा हात धरून राहिले. हसले, आणि हसता हसता रडायला लागले. "अजून एकदा," म्हणाले. "अजून एकदाच रे, डा."

त्यांच्या पाठीमागे स्वयंपाकघराच्या दारात अक्का उभ्या होत्या, हातात कॉफीचा टंबलर. माझ्यावर रागावल्या नव्हत्या. त्या काकांकडे बघत होत्या आणि ओठ हलवून तेच म्हणत होत्या, अगदी तेच शब्द.

काका माझ्याच तोंडाकडे बघत होते.

"काका," मी माझ्या आवाजात म्हणालो, "तिकडे बघा."