मद्रासहून आलेला पंप

जर्मनीशी दुसरी लढाई सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. कुंभकोणमला माझा दवाखाना होता आणि आसपासच्या गावांतून बोलावणी येत. त्यासाठी मी एका जमीनदाराच्या वारसांकडून त्यांची जुनी विलायती मोटार घेतली. सहा सिलिंडरांचं इंजिन, लाल कातड्याच्या गाद्या, आत झळझळीत लाकूडकाम. गाडी देखणी होती, पण ऊन तापलं की बंद पडायची. टाकीतलं पेट्रोल ओढून इंजिनाकडे पाठवणारा छोटा पंप निकामी होत चालला होता.

एका दुपारी तिरुनागेश्वरमहून निरोप आला. तिथल्या एका पुजाऱ्याच्या सुनेला आदल्या रात्रीपासून कळा येत होत्या, सुटका होत नव्हती. मी निघालो आणि अर्ध्या वाटेत गाडीनं दम तोडला. पंप थंड व्हावा म्हणून त्यावर ओलं फडकं ठेवलं, हँडल मारून मारून हात सोलवटले, तरी इंजिन चालू होईना. शेवटी केळीची पानं नेणाऱ्या बैलगाडीत बॅग घेऊन बसलो. पोचलो तेव्हा मूल झालं होतं आणि सुईण हात धूत होती.

"बाळंतीण बरी आहे," ती म्हणाली. "डॉक्टर, तुम्ही पाणी प्या आधी."

ती चांगुलपणानं म्हणाली, पण मला ते लागलं. बाईचं काही बरंवाईट झालं असतं तर मी रस्त्यात फडकं पिळत उभा असतो.

दुसऱ्या दिवशी गावाच्या कडेच्या मेलकावेरीतल्या मोटार-मेस्त्रींना बोलावलं. पन्नाशीचे, कमी बोलणारे, मोटारबसच्या कारखान्यात आयुष्य गेलेले. त्यांनी पंप उघडला. आतला पडदा कुजला होता आणि त्याला हलवणारा दांडा, म्हणजे लिव्हर, झिजला होता. पंप नवाच लागणार होता. मद्रासला पत्र घातलं. दीड महिन्यानं पेटी आली, आणि पंप निघाला दुसऱ्याच मॉडेलचा.

"डॉक्टरअय्या, याचा लिव्हर लांब आहे," मेस्त्री म्हणाले. "पंप आणि इंजिनाच्या मध्ये जाड पट्टी घालावी लागेल."

"घाला, पण उद्या गाडी हवी."

त्यांनी कातड्याची पट्टी घातली. तेलानं ती फुगली आणि गळायला लागली. मग लाकडाची घातली. ती चार दिवसांत चिरली. त्या दिवशी गाडी दवाखान्याच्या दारातच अडली. बाकांवर रोगी बसले होते. त्यांच्यादेखत मी मेस्त्रींना म्हणालो, "बसवता येत नसेल तर सरळ सांगा. मी तंजावरहून जाणता माणूस आणतो."

मेस्त्रींनी हात पुसले. एकेक पाना पिशवीत भरला आणि ते निघून गेले.

तंजावरचा माणूस आला. त्यानं बॉनेट उघडून पाहिलं, दोनदा कॉफी घेतली आणि गाडी विकून टाका असा सल्ला दिला.

"त्याला कॉफी मी दिली," तो गेल्यावर माझी बायको म्हणाली. "आता आणखी कुणाला बोलावू नका. तुम्हीच मेलकावेरीला जा."

आमच्या घरात मराठी, बाहेर तमिळ. रागावायला मला दोन्ही भाषा पुरत होत्या. त्या संध्याकाळी वाटेनं मी एक साधं वाक्य मनात दहा वेळा जुळवत गेलो. मेस्त्री ओट्यावर बसले होते. ते उठले नाहीत.

"मेस्त्री, माझं चुकलं. चार माणसांत बोलायला नको होतं."

ते म्हणाले, "लाकूड चिरणार हे मला ठाऊक होतं. तुम्हाला दुसऱ्या दिवशी गाडी हवी होती, म्हणून घातलं."

"मग तसं सांगायचं."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतं तुम्ही?"

मी ओट्याच्या कडेला बसलो.

"पितळेची पट्टी लागेल," ते म्हणाले. "ओतून घ्यायची, मग कानशीनं घासून मापात आणायची. तीन दिवस. मध्ये विचारायला यायचं नाही."

समया ओतणाऱ्या एका कासाराकडून त्यांनी ती करून घेतली. तीन दिवस मी पायी फिरलो आणि मनातल्या मनात चरफडत राहिलो. एकदा मेलकावेरीच्या वळणापर्यंत जाऊन परतही आलो. चौथ्या दिवशी मेस्त्री आले. पट्टी बसली, पंप बसला. हँडल मारलं तशी पंपाची काचेची वाटी पेट्रोलनं भरली. भर दुपारी आम्ही दोघं मरुदानल्लूर गावाला जाऊन आलो. गाडी एकदाही थांबली नाही. मेस्त्री सबंध वाट इंजिनाकडे कान लावून होते, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो.

पुढे लढाईपायी रेशनच्या पेट्रोलची कुपनं इतकी कमी झाली की मोटार महिन्यातून एकदोनदाच बाहेर निघे. इतका आटापिटा करून दुरुस्त केलेली गाडी छपरात उभी, आणि मी सायकलवर. त्याचा मला फार त्रास होई. मेस्त्री मात्र दर पंधरा दिवसांनी, न बोलावता येत आणि ती उभ्या उभ्या बिघडू नये म्हणून पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून जात.