बाबांच्या खिडकीवरची फट

पडदेवाली गल्लीच्या नजरेत भरली ती भर दुपारी पेटती मेणबत्ती घेऊन सासऱ्यांच्या खिडकीच्या कडेकडेनं फिरताना. समोरच्या मावशींना राहवलं नाही.

“काय गं, सूर्य हरवलाय का तुझा?”

“वारा शोधतेय, मावशी. ज्योत वाकली की समजायचं, चोर इथून शिरतोय.”

ती घरीच पडदे शिवायची. नवरा ट्रकवर, घरी आला तरी बहुतेक झोपलेलाच. सासऱ्यांची उभी हयात कारखान्याच्या बॉयलरपुढं गेलेली, आणि आता त्याच माणसाच्या हाडांत थंडी मुक्कामाला आली होती. मागच्या हिवाळ्यात त्यांची छाती भरली, तेव्हा डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पुन्हा गारठा बसला तर म्हातारा हाती लागणार नाही.

विजेचा हीटर लावला की मीटर पळत सुटायचं. म्हणून आहे ती ऊबच कोंडून ठेवायची असं तिनं ठरवलं. खिडकीला दुहेरी जाड पडदा केला, दाराखाली चिंध्या भरलेली लांबडी उशी ठेवली, पलंग बाहेरच्या भिंतीपासून आत ओढला आणि ज्योत वाकली होती त्या खिडकीवरच्या फटीत कापडाच्या वळकट्या ठासून बसवल्या.

सकाळी वळकट्या जमिनीवर.

तिनं परत बसवल्या. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा खाली, आणि शिवणाचं स्टूल खिडकीशी. भिंत धरून चालणारा माणूस स्टुलावर चढत होता! वळकट्या हातात घेऊनच ती रागानं पलंगाशी गेली.

“बाबा, मी काय वैरीण आहे का तुमची?”

“चिंध्यांनी कुठं ऊब येते का, पोरी?”

“येत नाही, पण असलेली जात नाही. आणि तुम्ही पडलात तर लोक मला कच्चं खातील.”

बाबा भिंतीकडे वळले. मग भिंतीलाच सांगावं तसं बोलू लागले. बॉयलरवर त्यांचा एक जोडीदार होता. एका हिवाळ्यात पाळी संपल्यावर तो विश्रांतीच्या खोलीत कोळशाची शेगडी घेऊन निजला. दारं-खिडक्या लावून, फटींत पोती कोंबून. सकाळी हाका मारून मारून शेवटी बाबांनीच दार फोडलं.

“चेहऱ्यावर काही नाही. साखरझोपेत असावा तसा.”

ती पलंगाच्या कडेला टेकली. “पण इथं शेगडी कुठंय, बाबा? कोळसा नाही, धूर नाही.”

“डोक्याला कळतं गं. खोली बंद झाली की छातीला कळत नाही.”

फट उघडी ठेवली तर गारठा, बुजवली तर स्टूल. दिवसभर मशीन चालवताना तिच्या डोक्यात तेच. संध्याकाळी तिनं खोलीचा नाद सोडला आणि माणसाला धरलं. फट मोकळी केली. पलंगाच्या डोक्याशी आणि भिंतीकडून पडद्याचं जाड कापड टांगलं, समोरची बाजू उघडी ठेवली. गादीखाली जुनी ब्लँकेटं घातली, पायाशी गरम पाण्याची पिशवी दिली, कानांवरून लोकरीची टोपी ओढली.

“तंबूतला सरदार झालो की मी!”

“सरदार, टोपी काढायची नाही.”

वळकट्यांचं भांडण मिटलं. पण पिशवी निवली की खोकल्याची उबळ यायची, आणि शेजारच्या खोलीत ती मशीन थांबवून कान देऊन बसायची. शेवटी तिनं मशीन आणि इस्त्रीचं टेबल उचलून त्यांच्याच खोलीत मांडलं.

“सासऱ्याच्या खोलीत कारखाना काढलास की काय?” मावशींनी टोकलं.

“इस्त्री तापतेच ना दिवसभर? मग तिची ऊब रिकाम्या खोलीला कशाला?”

खोली लहान. पलंगाजवळची उबेची जागा बाबांची; मशीनला उरली ती खिडकीखालची. बाबांचा खोकला कमी झालाय, गेलेला नाही. ती दोन स्वेटर घालून शिवते, आणि गेल्या आठवड्यापासून तीही खोकते आहे.