गच्चीवरची ज्वारी

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या चेअरमनना जगाच्या भुकेची फार काळजी. किलोभर मटण तयार व्हायला बकऱ्याला किती किलो धान्य घालावं लागतं, हे ते प्रत्येक सभेत सांगत. आकडा दर सभेला वाढायचा. एकदा मी विचारलं, "मागच्या वेळी कमी होता ना?" तर म्हणाले, "परिस्थिती बिघडत चाललीय."

हेच गृहस्थ रोज सकाळी गच्चीवर कबुतरांना ज्वारी टाकत. मूठभर नव्हे, बादलीने. आमचं घर गच्चीच्या लगेच खाली. त्या ज्वारीचं पुढे जे व्हायचं ते आमच्या खिडक्यांवर, एसीवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायचं.

बायकोचा खोकला पावसाळा संपला तरी हटेना. पोळ्या लाटताना ती मध्येच स्टुलावर बसू लागली. नौपाड्यातल्या छातीच्या डॉक्टरांनी तपासण्या करून विचारलं, "घराजवळ कबुतरं आहेत?" विष्ठेची धूळ छातीत जाऊन फुफ्फुसं कडक होतात, म्हणाले, आणि एकदा कडक झाली की पुन्हा मऊ होत नाहीत.

पुढच्या सभेत चेअरमननी ठराव मांडला: सोसायटीच्या सहलीत मटण बंद. जगात माणसं उपाशी असताना त्यांच्या तोंडचं धान्य जनावरांना घालणं हे पाप आहे.

मी उभा राहिलो. "मग गच्चीवरची ज्वारी?"

"अहो, ते मुके जीव आहेत."

"बकरा काय भाषण करतो?" मागून कोणीतरी म्हणालं.

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकू, ज्यांच्या सासऱ्यांच्या भातशेतीवर ही इमारत उभी आहे, त्या म्हणाल्या, "आमी कोंबड्यांना दाणे टाकायचो, तर अंडं तरी गावायचं. ही काय देतात?"

"माझ्या बायकोला खोकला देतात," मी म्हणालो. "डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर तिची फुफ्फुसं जातील."

"वहिनींना हळद घालून दूध द्या," चेअरमन म्हणाले.

"भाऊ, मग म्हैस काय हवा खाते?" काकूंनी विचारलं.

सगळे हसले, आणि हसतहसतच त्यांनी मटणबंदीच्या बाजूने हात वर केले. कबुतरांचा विषय नाजूक असल्यामुळे पुढच्या सभेवर गेला. बादली मात्र दुसऱ्या दिवशी वेळेवर गच्चीवर गेली.

बायकोला मी टिटवाळ्याला तिच्या बहिणीकडे ठेवलं. तिथे ती महिन्याभरात न थांबता जिना चढू लागली. डॉक्टरांनी नवे रिपोर्ट पाहिले आणि त्या घरात तिला परत नेऊ नका, असं स्पष्ट सांगितलं.

म्हणून घर विकायला काढलं आहे. येणारी गिऱ्हाइकं आधी विचारतात, बिल्डिंगमध्ये नॉनव्हेज खाणारे किती आहेत. खिडकी उघडून अजून कोणीही पाहिलेलं नाही.