डीपीपाशी कोण उभं राहणार

हे आजवर कुणाला बोललो नाही. मी गावचा सरपंच, पण आमच्या वायरमनचा माझ्यावर भरवसा नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरखालच्या पेटीचा, लाईट बंद करायचा खटका मोडलाय, म्हणून तो फ्यूज काढतो, खांबाला उलटा हात लावून "आई, सांभाळ" म्हणतो आणि चढतो. लाईट गेली की आमच्याकडं कुणीही येऊन फ्यूज घालतं, म्हणून तो खाली राखणीला शाळेतल्या मास्तरांना उभं करतो. परवा मीच पुढं झालो.

तो हसला. "मत तुमालाच दिलंय, सरपंच. पण जीव मास्तरकडं ऱ्हाऊ द्या."

वर पोचल्यावर म्हणाला, "चहा मात्र तुमचाच पिणार."

मी चहा सांगितला. निवडणुकीत त्याला नवा खटका कबूल केला होता. तो अजून द्यायचा आहे.