खोगीर बठनं का?

भिका नाना गेल्याचा फोन त्यांच्या मुलीचा, संगीताचा आला. सकाळचे सात वाजले असतील, मी गॅलरीत पेपर घेऊन बसलो होतो. "काका, बाबा गयात," एवढंच ती म्हणाली. धुळ्यात घोड्याचं खोगीर हाताने शिवणारा, माझ्या माहितीतला शेवटचा माणूस गेला होता. पण हा लेख मी त्या फोनमुळे लिहीत नाही. लिहितो आहे तो नंतरच्या शोकसभेमुळे. गावाबाहेरच्या एका निवासी शाळेने ती ठेवली होती. तिथे मुलांना घोडेस्वारी शिकवतात आणि नाना काही वर्षं त्यांची खोगिरं दुरुस्त करत. शाळेचं नाव लिहीत नाही, तेवढी सुद्धा माझी इच्छा नाही. संचालक उठले, फोटोला हार घातला आणि म्हणाले, "नानांबद्दल बोलावं तेवढं थोडंच, पण मी उगाच शब्दांची खोगीरभरती करणार नाही." हसू नका, अगदी हेच म्हणाले. समोर फोटो कुणाचा, तर जन्मभर खोगिरात भरती भरणाऱ्या माणसाचा. आणि हे गृहस्थ भरती म्हणजे फालतू सामान असं धरून चाललेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि मी काय केलं? खुर्चीत बसून राहिलो, चहा प्यायलो, घरी आलो.

मी गुरांचा डॉक्टर. सरकारी दवाखान्यात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. घोडे आमच्याकडे कमी येत. आले तर लग्नाच्या वरातीतले, नाहीतर या शाळेतले. तक्रार बहुतेक वेळा एकच असे, पाठीवर जखम. मी धुऊन मलम लावायचो आणि आठ दिवस आराम सांगायचो. आठ दिवसांनी तेच खोगीर त्याच पाठीवर चढायचं आणि महिन्याभरात तोच घोडा पुन्हा माझ्या दारात. अशी कित्येक वर्षं मी मलम लावत होतो आणि स्वतःला डॉक्टर म्हणवून घेत होतो. नाना एकदा एका घोड्याबरोबर आले होते. मी जखम धूत असताना ते घोड्याकडे बघतच नव्हते, बाजूला उतरवून ठेवलेलं खोगीर उलटं करून चाचपत बसले होते. मग खोगिरावर बोट ठेवून म्हणाले, "डाक्टर भाऊ, दुखनं आठे शे. तुम्ही मलम तठे लायी राह्यनात." मला राग आला. शिवणकाम करणारा माणूस मला शिकवतो म्हणजे काय, असं मनात आलं. ते आज लिहिताना लाज वाटते.

त्यानंतरची गोष्ट जांभळीची. शाळेत एक काळपट तांबूस घोडी होती, तिचं हे नाव. खोगीर आणलेलं दिसलं की कान मागे टाकायची, पट्टा आवळायला गेलं की चावायची. एका शिक्षकाच्या दंडाला तिने चांगलाच चावा घेतला. शाळेने मला बोलावलं. मी लांबूनच बघितलं, कारण जवळ जायची हिंमत नव्हती, आणि त्यांना हवा होता तसा दाखला लिहून दिला: स्वभाव आक्रमक, स्वारीस अयोग्य. खाली सही, शिक्का. दहा मिनिटांचं काम.

नानांना ते कळलं तसे ते दवाखान्यात आले आणि मला स्कूटरवर बसवून शाळेत घेऊन गेले. जांभळीवर शाळेचं खोगीर चढवलं. ते बाहेरगावाहून डझनाने मागवलेलं, सगळ्या घोड्यांना एकाच मापाचं. तिला सांभाळणाऱ्या बाईला, सखूबाईंना, वर बसायला सांगितलं आणि मला म्हणाले, "हात घाला." मी खोगिराखाली, तिच्या खांद्यामागे हात घातला. नानांनी घोडीला चार पावलं चालवलं. काय सांगू, बोटं चिमट्यात सापडली. हात निघेना. मी ओरडलो तेव्हा ते थांबले. "चार पावलं झायात," ते शांतपणे म्हणाले. "ती रोज दोन तास चालस. आते सांगा, तुम्ही चावशात का नही?" मी हात चोळत उभा. मग त्यांनी घोडीच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाले, "ती चावस नही. ती सांगस."

नानांची पद्धत साधी होती. इलेक्ट्रिकवाल्याकडची जाड ॲल्युमिनियमची तार घ्यायची, घोड्याच्या पाठीवर आडवी ठेवून बोटांनी दाबत दाबत तिला पाठीचा आकार द्यायचा. ती अलगद उचलून जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर ठेवायची आणि पेन्सिल फिरवायची. जांभळीची रेघ बघितली तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा भरलेला आहे. म्हणजे खोगीर रोज उजवीकडे कलणार, आणि तिथलं हाड रोज घासणार. मला, शिकलेल्या माणसाला, हे कधी दिसलं नव्हतं. नानांनी खोगिराच्या दोन्ही गाद्या उसवल्या, आतला गाठी धरलेला स्पंज काढून फेकला आणि मेंढीची लोकर हाताने पिंजून भरली. उजवीकडे जास्त, डावीकडे कमी. एकदा भरून भागत नाही. घोडी फिरवायची, खोगीर उतरवायचं, पाठीवरचा घाम बघायचा. जिथे कोरडं राहिलं तिथे दाब आहे. पुन्हा उसवायचं. असं तीनदा झालं. चौथ्यांदा घाम सगळीकडे सारखा आला तेव्हा नाना एवढंच म्हणाले, "बठनं." खोगीर छान झालं, सुंदर झालं, असं ते कधी म्हणत नसत. त्यांच्या लेखी खोगीर एक तर बसतं नाहीतर बसत नाही.

आणि जांभळी चालली. चौथीतली एक मुलगी तिच्यावर बसून मैदानाला फेऱ्या मारू लागली. तेव्हा संचालकांनी नानांना ऑफिसात बोलावलं होतं, मीही होतो. त्यांची तक्रार काय, तर एका बाजूने गादी फुगलेली दिसते, बाकीच्या खोगिरांसारखी दिसत नाही. "नाना, ही खोगीरभरती कशाला?" असं म्हणून ते स्वतःच हसले. नाना हसले नाहीत. "साहेब, भरती काढी टाका, मंग खाली नुसतं चामडं उरस. घोडी भरतीवर चालस," ते म्हणाले. मग दाराशी थांबून माझ्याकडे बघितलं. "आनि डाक्टर भाऊ, तुम्हना तो कागद परत आना."

मी त्यांना हो म्हणालो. पत्र लिहायचं होतं फक्त, की माझा आधीचा दाखला चूक होता. पण सरकारी माणूस स्वतःच्या सहीवर काट मारायला किती कचरतो, ते मला विचारा. उद्या करू, पुढच्या आठवड्यात करू... नाना भेटले की विचारत, "कागद आना का?" मी म्हणे, "आणतो नाना." घोडी बरी आहे ना आता, कागदाचं काय एवढं, असं मनाशी म्हणायचो.

वार्षिक संमेलन आलं. पाहुण्यांसमोर सगळे घोडे एकसारखे दिसावेत म्हणून जांभळीवर पुन्हा ते डझनातलं खोगीर चढवलं, वर जरीची झूल टाकली. नानांचं खोगीर कोठीत. तीच चौथीतली मुलगी तिच्यावर बसली, जांभळी दहा पावलं चालली आणि उधळली. मुलीच्या मनगटाचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी शाळेने फाईल उघडली आणि त्यात काय सापडलं? माझा दाखला. स्वभाव आक्रमक. त्या कागदावर शाळेची सुटका झाली, असा दाखला असताना मुलीला तिच्यावर बसवलंच का हे कुणी विचारलं नाही, खोगिराचं नाव कुठेच निघालं नाही, आणि जांभळी पिंपळनेरच्या एका वरातवाल्याकडे गेली. मुलीच्या आईवडिलांना अजूनही वाटतं की घोडी खुनशी होती. हे सगळं माझ्या सहीने झालं. संचालकांवर मी वाट्टेल तेवढा चिडीन, पण त्यांच्या हातात कागद मी दिला होता.

नानांनी मला एका शब्दाने दुखवलं नाही, याचाच मला जास्त त्रास होतो. त्यांनी कोठीतून ते खोगीर मागून घेतलं आणि सत्तरी उलटलेला हा माणूस ते मांडीवर घेऊन एसटीने पिंपळनेरला गेला. कंडक्टरने विचारलं, "आबा, घोडा कुठे?" तर म्हणाले, "त्यालेच भेटाले जाई राह्यनू." वरातवाल्याला त्यांनी झूल उचलून तिची पाठ दाखवली, खोगीर चढवलं, पट्टा आवळला. तिने मान वळवली, पण चावली नाही. संध्याकाळी परत आल्यावर ते माझ्या दारात उभे. "बठनं," म्हणाले. पाणी प्यायले. मग, "कागद आना का?" तेव्हाही मी हसून वेळ मारून नेली. त्यानंतर ते दोन महिन्यांनी गेले.

परवा संगीताकडे गेलो होतो. नानांच्या खोलीत भिंतीवर खिळ्यांची रांग आहे आणि प्रत्येक खिळ्याला एकेक वाकवलेली तार. प्रत्येकीला चिंधी बांधून घोड्याचं नाव लिहिलेलं. घर आवरायला आलेले पाहुणे त्या तारा भंगारात टाकायला निघाले होते, संगीताने त्यांना हात लावू दिला नाही. जांभळीची तार तिने मला दिली. ती आता माझ्या टेबलावर आहे. डावीकडे उंच, उजवीकडे किंचित उतरती. कुणीही बघितलं तर म्हणेल, तार वाकडी झाली आहे, सरळ करून टाका. घरात मी सगळ्यांना बजावून ठेवलं आहे की हिला कुणी सरळ करायचं नाही.

आणि नाना, तुमचा कागद. शाळेला काल पोस्टाने पाठवला, पण ती फाईल कोण उघडणार, म्हणून इथेही लिहितो, चार लोकांना वाचता यावा म्हणून. जांभळी या घोडीबद्दल मी दिलेला दाखला खोटा होता. मी तिला हात न लावता तो दिला. तिचा स्वभाव आक्रमक नव्हता. तिला खोगीर बसत नव्हतं.