चेहऱ्यामागं उरलेलं

वाढदिवसाचा बॅनर कसा बनतो, हे मला म्हातारपणी कळलं. उभी हयात नाटक कंपनीत गेली, राजे झालो, भिकारी झालो, पण धाराशिवात व्यंकटच्या फ्लेक्सच्या दुकानात चहाला बसायला लागलो आणि डोळ्यांसमोर वेगळंच नाटक उभं राहिलं!

वर मोठा चेहरा असतो, ज्याचा वाढदिवस त्याचा. खाली ओळीनं बारके चेहरे, शुभेच्छुकांचे. हे शुभेच्छुक मोबाइलवर आपापले फोटो पाठवतात. कुणाचा गोठ्यातला, कुणाचा बांधावरचा, कुणाचा लग्नाच्या मांडवातला. कॉम्प्युटरवर बसलेली मुलगी त्यातला चेहरा तेवढा कापून घेते. बाकीचं टाकून द्यायचं.

ती मुलगी म्हणजे तामलवाडीची दीपाली. बारावीनंतर कॉम्प्युटर शिकून ती इथं कामाला लागली. कापण्यात तिचा हात वाऱ्यासारखा. पण टाकत मात्र ती काहीच नव्हती! गोठ्याची भिंत, म्हशीचं शिंग, मांडवाची झालर, मागं चुकून आलेलं कुणाचं तरी कोपर, सगळं जपून ठेवायची. काम संपलं की ते तुकडे एकमेकांना जोडायची.

पहिलं चित्र तिनं मला दाखवलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. शिंगांवर तोरणासारखी झालर, तिच्याखाली ज्वारीचं रान, आणि कणसांच्या जागी बांगड्या भरलेले हात!

"मास्तर, याला कोलाज म्हणतेत," ती म्हणाली.

"आमच्या कंपनीत याला ठिगळ म्हणायचे," मी म्हटलं. एकदा ऐन प्रयोगाआधी आमचा दरबाराचा पडदा फाटला. हाताशी जंगलाचा जुना पडदा होता, त्याचाच तुकडा शिवला. महाराजांच्या सिंहासनामागून चिंच उगवली, आणि त्या दिवशी टाळी पडली ती चिंचेला! हे ऐकून दीपाली इतकी हसली की व्यंकट आतून बघायला आला.

पुढं तिची चित्रं इन्स्टाग्रामवर गेली. एका दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ मिळालं, एका नाट्यमहोत्सवाचं पोस्टर मिळालं. पोस्टर माझ्या ओळखीनं, मुखपृष्ठ तिच्या हिमतीवर. आणि मग पुण्याच्या एका कलादालनातून फोन आला. प्रदर्शनातली मधली भिंत तिची!

त्या भिंतीसाठी तिनं एक बाई उभी केली. आभाळाएवढी. सगळी बाई एकाच बाईच्या तुकड्यांची. तिच्या गावातले बब्रुवान अण्णा म्हणजे हौशी शुभेच्छुक, पंचक्रोशीतला एक बॅनर त्यांच्याविना लागत नाही. त्यांच्या प्रत्येक सेल्फीत मागं कमलबाई, त्यांची बायको, काहीतरी करत असायची. कधी नुसता हात, कधी पदर, कधी पाठ. चेहरा कायम अण्णांच्या डोक्याआड. म्हणून दीपालीनं चेहऱ्याच्या जागी फुललेली बाभूळ लावली होती.

"काकूला विचारल्याबिगर न्हाय पाठवायची," दीपाली म्हणाली. चित्र दुसऱ्या दिवशी पुण्याला पोचायला हवं होतं. मी म्हटलं, "चल, मीही येतो."

तामलवाडीत अण्णांच्या अंगणात तिनं नमुन्याचा फ्लेक्स पसरला. कमलबाई त्याभोवती फिरल्या.

"ही बादली माझी. हात बी माझाच. ह्यो पदर तर औंदा पोतेऱ्याला घेतला." मग थांबल्या. "तोंड कुठंय?"

"तोंड कुठल्याच फोटोत न्हाय, काकू."

"म्हनून बाभूळ? म्या काय बाभूळ हाय व्हय?"

"काट्यावरनं वळखलं आसंल," अण्णा हसले.

"तुमी गप बसा! तुमचं तोंड चौकाचौकात टांगलंय, माझं गोठ्यातबी दिसंना." त्या दीपालीकडं वळल्या. "तोंड न्हाय तर परवानगी बी न्हाय."

अण्णांनी खिशातून मोबाइल काढला. "त्यात काय! काढतो की हिचा एक फोटो."

दीपालीनं मान हलवली. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज ठाम होता. "न्हाय अण्णा. बॅनरसाठी आलेल्या फोटोत जे उरतंय, तेवढंच मी घेते. मुद्दाम काढलेला फोटो घातला तर सगळं चित्रच खोटं हुईल."

एवढी मोठी भिंत हातची जाते की काय! "पोरी, एकदा नियम मोड," हे वाक्य माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात कमलबाईंनी नवऱ्याला विचारलं, "उत्कर्षच्या बॅनरला फोटो दिला का?"

उत्कर्ष म्हणजे त्यांचा पुतण्या. त्याचा वाढदिवस आठवड्यावर आला होता.

"द्यायचाय अजून."

"मग काढा की आत्ता. म्या हाय मागं, नेहमीसारकी."

दीपालीचे डोळे लकाकले. अण्णांनी मोबाइल लांब धरला, पण त्यांच्या उंचीमागं कमलबाई पुन्हा गडप!

"जरा टाचा वर कर," अण्णा म्हणाले.

"म्या न्हाय करत. तुमी बसा खाली."

आणि मंडळी, शुभेच्छुक बब्रुवान अण्णा उंबऱ्यावर मुकाट बसले! त्यांच्या मागं कमलबाई पदर सारखा करून ताठ उभ्या राहिल्या, थेट मोबाइलकडं बघत. असा प्रवेश मी साठ वर्षांत पाहिला नाही.

दीपालीनं तिथंच लॅपटॉप उघडला. अण्णांचा चेहरा कापून उत्कर्षच्या बॅनरला लावला. उरल्या त्या कमलबाई. त्यांचा चेहरा तिनं बाभळीच्या पिवळ्या फुलांत बसवला आणि लॅपटॉप त्यांच्याकडं फिरवला. कमलबाईंनी वाकून निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "धाड पुन्याला. म्याबी येनार हाय बघायला."

"आन् मी?" अण्णा पुढं वाकले. "मी हाय का कुठं?"

दीपालीनं चित्र मोठं करून बघितलं आणि जीभ चावली. कमलबाईंच्या हनुवटीखाली काहीतरी चिकटून राहिलं होतं. "अण्णा, गडबडीत तुमचा एक कान राहिलाय. काढते."

"नगं काढू," कमलबाई म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे. ऐकू दे त्यास्नी बी, लोकं माझ्याबद्दल काय बोलत्यात ते."