एका रयतेचं साम्राज्य

सोलापुरात तेव्हा दोन साम्राज्यं होती. एक इंग्रजांचं, त्याच्यावर सूर्य मावळत नव्हता म्हणे. दुसरं आमच्या चाळीतल्या लिंबाखालचं. त्याच्यावर मावळायचा, पण आधी दिवाणाला विचारून. हे दुसरं मी निव्वळ तोंडानं उभं केलं होतं, आणि माझ्याएवढा त्याच्यात कुणी नागवला गेला नाही.

मंदीची वर्षं होती. गिरणी एकाच पाळीवर चाललेली आणि मी बदलीवाला. बदलीवाल्यानं सकाळी भोंग्याला फाटकापाशी उभं राहायचं. कायमचा कुणी आला नाही आणि माणसं लावणाऱ्या जॉबरनं आपल्याकडं बोट केलं, तर आत जायचं. नाहीतर घरी. मी बहुतेक घरीच. मग लिंबाखाली बसून साम्राज्य बांधायचो. दुधनीपासून पूर्वेला समुद्र सोडला. भीमेला बारमाही ताक आणलं. सांगोल्याकडच्या माझ्या गावाला एवढं पाणी दिलं की मेंढरं पोहत चरायला जायची. नाणं म्हणून कडक भाकरी चालू केली; मोड पाहिजे तर मोडून घ्या. टांकसाळ घरोघरच्या बायकांच्या हातात, त्यामुळं कुठल्याही राजाला बायकोशी भांडायची छाती नव्हती. पावसाळ्यात नाणं मऊ पडायचं, म्हणून तेवढे महिने बाजार बंद.

चाळीतली माणसं ऐकायला जमायची. एक दिवस म्हणाली, नुसतं ऐकायचं किती, आता राज्य चालवू. मग पदं वाटायला बसलो.

वाटणी कशी करायची ते कुणी ठरवलं नाही. पण बैल जसा न हाकता गोठ्याकडं वळतो, तशी ती वळली. जॉबरचा मेव्हणा सम्राट झाला. ज्यांच्याकडं गिरणीतले साचे, म्हणजे माग, कायमचे होते ते मंत्री आणि सेनापती झाले. चाळीत वर्तमानपत्र वाचणारा एकच होता, तो दिवाण. उरलो मी.

"मग मी कोन?"

"तू रयत की," सम्राट म्हणाला. "रयतेबिगर राज्य असतंय व्हय?"

"बाकीची रयत कुटं हाय?"

"ईल हळूहळू. तवर तू एकटा दम धर."

सगळे हसले. मीही हसलो. सकाळी कुणाकडं बोट करायचं हे जॉबर जेवताना मेव्हण्याला विचारतो, हे चाळीतल्या उंदरांनाही ठाऊक होतं.

माझ्याकडं गावाहून आणलेली एक शेळी होती. साधी नव्हती. एकदा धार काढताना तिनं पाय झाडला, तर दुधाच्या चिळकांडीनं शिपायाची टोपी रस्त्यापलीकडं गेली. पण ते दूध पोरीचं होतं. पोरगी अंगावरची, आणि बायकोचं दूध आटलेलं. दुसरं काही तिच्या पोटात ठरत नव्हतं.

दिवाणानं पहिला कायदा केला: दरबाराच्या चहाला रयतेनं दूध द्यावं. वाटीभरच. मग वाटीच्या वाट्या झाल्या, कारण कोरा चहा पिऊन मंत्र्यांना मसलत सुचेना. मी देत गेलो. फाटकावर बोट माझ्याकडं वळू लागलं होतं, हेही खरं.

बायको म्हणाली, "तुमच्या राज्यात राजे किती अन् शेळ्या किती, एकदा बगा तरी."

तेव्हा मी माझं एकमेव हत्यार काढलं. लिंबाखाली बसून साम्राज्यात दुष्काळ पाडला. भीमेचं ताक आटवलं, समुद्राला भेगा पाडल्या, मासे कडेवर पोरं घेऊन चारा-छावणीकडं निघाले. ऐकताना सेनापतीचे डोळे भरले. तेवढ्यात मी म्हणालो, "दुष्काळात सारा माफ असतोय, मायबाप."

दिवाण चष्मा पुसत म्हणाला, "तोंडानं दुष्काळ पडत न्हाय. आणेवारी काढावी लागंल."

आणि अख्खा दरबार पीक बघायला माझ्या खोलीवर आला. दारात बायको पोरीला खांद्यावर थोपटत उभी. पोरगी भुकेनं टाहो फोडत होती. सम्राटानं वाकून शेळीची कास चाचपली.

"भरल्याली हाय. सोळा आणे पीक."

"आन् ह्या पोरीचं काय?" बायकोनं विचारलं.

"रयत रडतीच, वैनी," दिवाण म्हणाला. "तिला तेवडंच काम असतंय."

दुसऱ्या दिवशी मी घोंगडं उचललं आणि गटारापलीकडं जाऊन बसलो. जुन्या काळी जाच फार झाला की कुळं गाव सोडून परागंदा व्हायची, तसा. ओरडून सांगितलं, "हितं तुमचा अंमल न्हाय."

"बरं," सम्राट एवढंच म्हणाला.

सकाळी फाटकावर जॉबरचं बोट माझ्यापर्यंत आलं, जरा रेंगाळलं आणि शेजारच्यावर गेलं. दुसऱ्या दिवशी रेंगाळलंही नाही. माझ्या मागं एखादं बुजगावणं उभं असतं तर तेसुद्धा साच्यावर लागलं असतं. घरातलं पीठ संपलं, उसनं संपलं, तेव्हा मी शेळी विकायला काढली. चाळीत घेण्याजोगा एकच होता. सम्राटानं पैसे दिले ते खरे, भाकरी नव्हे, आणि शेळी लिंबाला बांधली. पुढच्याच सकाळी जॉबरचं बोट नीट माझ्यावर येऊन थांबलं.

पोरगी पातळ आंबिलीवर जगली. जगली म्हणजे आहे. पाय मात्र तेव्हापासून काटक्यांसारखे, म्हणून बाकीची पोरं हुंदडतात तेव्हा ती माझ्यापाशी बसून साम्राज्याची गोष्ट मागते. मी सांगतो. समुद्र आता दुधनीहून पुढं सरकून पार सोलापुरात, हत्तुरे वस्तीपाशी आलाय, ताकात मलई आलीय. फक्त गोष्टीतली शेळी मी अजून विकलेली नाही.

"लई दूध द्यायची का वं, आबा?"

"लई," मी म्हणतो. "तुला पुरून उरायचं."